सुभेदारसाहेब, आजोबांच्या बसऱ्यापासूनच सुरुवात करू

राम राम सुभेदारसाहेब,

साथीचे रोग देशाची ताकद कशी पोखरतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भरभरून लिहिलंत. दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटावं असं ते नव्हतं, म्हणून आठ दिवस घेतले. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. देश पडतो तो शत्रूमुळे, तापामुळे नव्हे. कोरोना सगळ्यांनाच झाला, मग त्यात एकाची ताकद घटली आणि दुसऱ्याची वाढली असं कसं? तुमचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून आताच्या इराकमधल्या बसऱ्याला लढले, ‘ते काय जुलाबाला भिऊन परत आले नाहीत’. आणि पलटणीचं मराठा सेंटर जिथं आहे त्या बेळगावात बसून आजाराला शत्रूच्या पंगतीत बसवणं म्हणजे पलटणीचा अपमान. शिवाय पुण्यातला प्लेग-अधिकारी रँड याच्या खुनाचं साल मी चुकीचं लिहिलं.

शेवटचं आधी मिटवतो. साल चुकलंच. मुंबईत प्लेग आला तो 1896 मध्ये, रँडवर गोळी झाडली गेली ती 22 जून 1897 च्या रात्री. लेखात दुरुस्त केलंय. अपमानाचं म्हणाल तर माझ्या चुलत्यांची पेन्शनही लष्कराचीच आहे, आणि हाच लेख त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी फक्त ‘चहा टाक’ एवढंच म्हटलं.

आता बसरा. तुम्ही हे नाव काढलंत ते बरं झालं, कारण माझ्या मूळ लेखात ते असायला हवं होतं आणि मी अथेन्स-नेपोलियनची लांबची उदाहरणं देत बसलो. आपल्याकडच्या खेड्यांत पहिल्या महायुद्धाला अजून कुणी कुणी ‘बसऱ्याची लढाई’च म्हणतात. त्या लढाईत 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री इराकमधल्याच कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. 7 डिसेंबर 1915 ला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला आतला इंग्रज जनरल टाउनशेंड शरण गेला. सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. या पाच महिन्यांत आत काय चाललं होतं? भाजीपाला नाही. घोड्याचं मांस खायला आपल्या शिपायांनी बरेच दिवस नकार दिला, धर्म आड येत होता. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, जुलाबानं माणसं अंथरुणाला खिळली. बाहेरून सोडवायला निघालेल्या फौजेतही पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. शूर माणसं होती, यात वाद नाही. खरं उभं राहायला पायात बळ लागतं, आणि ते गोळी लागायच्या आधीच गेलेलं होतं.

पलीकडची कथा वेगळी नाही. तुर्कांच्या बाजूचा म्हातारा जर्मन सेनापती फॉन डेर गोल्ट्झ कुत पडायच्या दहा दिवस आधी बगदादमध्ये टायफसनं मेला. स्वतः जिंकलेला वेढा बघायला तो उरला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये इंग्रज जनरल मॉडनं बगदाद घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याच बगदादमध्ये पटकीनं तो गेला. एकाच आघाडीवर दोन्ही बाजूंचे सेनापती रोगानं खाल्ले. तुमचे आजोबा रोगाला भ्याले नाहीत हे मला मान्यच आहे. रोगानं मात्र कुणाचा हुद्दा पाहिला नाही.

आणि ताकदीचं? मेसोपोटेमियात, म्हणजे याच इराकच्या आघाडीवर, जखमी-आजाऱ्यांचे जे हाल झाले त्याची विलायतेत चौकशी झाली. अहवाल बाहेर आला आणि जुलै 1917 मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि महिनाभरात हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा त्यांनी केली. त्याचं श्रेय पटकीला द्यायला मी निघालेलो नाही, एवढा भोळा नाही. पण जखमींना नेणाऱ्या बोटीवर पुरेसे डॉक्टर, पट्ट्या आणि स्वच्छ पाणी नसलं की साम्राज्याच्या मंत्रिमंडळातली खुर्ची हलते, एवढं तरी यातून दिसतं.

तेच युद्ध संपता संपता मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली. जून 1918 मध्ये मुंबई बंदरात ताप दिसला, सप्टेंबर-ऑक्टोबरात तो दख्खनभर पसरला. माझी आज्जी तिच्या सासूचं ऐकलेलं सांगायची: सकाळी एकाला पोचवून यायचं तर घरात दुसरा थंड. सरणाला लाकूड मिळेना तेव्हा लोकांनी गोठ्याचे वासे काढले. आता आकडे बघा. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली, त्यांतली सुमारे 74 हजार मेली. मानमोडीनं काही महिन्यांत एक कोटीच्या वर माणसं नेली, आणि त्यांत कर्त्या वयाची पुष्कळ. 1921 ची खानेसुमारी (जनगणना) 1911 पेक्षा कमी भरली. आधुनिक काळात देशाची लोकसंख्या दहा वर्षांत घटल्याचं ते एकमेव दशक. नांगर धरणारा हात गेला की सारा, भरती, पीक सगळंच बसतं. त्याला ‘सुरक्षा’ म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्यावर मी दोन रात्री घालवल्या. रोग सगळ्यांना होतो, मग पारडं कुणाकडे झुकतं? तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो, तुम्ही दिला नव्हता. नोव्हेंबर 1817 मध्ये पेंढाऱ्यांवर निघालेल्या गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत, बुंदेलखंडात, पटकी फुटली. काही दिवसांत हजारो माणसं गेली, बैलगाड्या प्रेतांना पुरेनात. आणि तरी काही महिन्यांत पेशवाई बुडाली, एप्रिल 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोनं आपला बेळगावचा किल्ला घेतला. म्हणजे साथ आली म्हणून सत्ता पडतेच असं नाही. मूळ लेखात मी तसं सुचवलं होतं. ते वाक्य मागे घेतो. ज्याच्यामागे पैसा आहे, दुसरी फौज आहे, रसद चालू आहे, तो तडाखा सोसून पुढे जातो. ज्याच्यामागे नाही, तो तिथेच बसतो. (जाता जाता: तोच मन्रो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि 1827 मध्ये फिरतीवर असताना पटकीनंच मेला.)

पण मग ‘सगळ्यांना सारखा’ हे तुमचं म्हणणंही पुरतं टिकत नाही. तडाखा सारखा असेल, सोसणं सारखं नसतं. अलीकडचंच बघू. जानेवारी 2021 मध्ये आपण शेजाऱ्यांना लस पाठवायला लागलो, मार्चअखेरपर्यंत 6 कोटींच्या वर डोस बाहेर गेले. काय मान होता! मग दुसरी लाट आली, निर्यात थांबली. थांबवायला हवीच होती, आपली माणसं ऑक्सिजनविना मरत होती. पण बांगलादेशनं पुण्याच्या कंपनीशी 3 कोटी डोसांचा करार केला होता, त्यातले 70 लाख पोचले आणि गाडी अडली. पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्यासाठी ताटकळले. ढाक्यानं मग चिनी लस घेतली. एक गोळी न सुटता शेजाऱ्याच्या दारातला आपला पाट दुसऱ्यानं ओढून घेतला. आरमाराचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेची थिओडोर रूझवेल्ट ही अणुशक्तीवरची विमानवाहू नौका बघा: मार्च 2020 मध्ये ती ग्वामच्या बंदरात अडकली, बाराशेच्या वर खलाशी बाधित झाले, आणि कप्तानाची नोकरी गेली ती त्यानं मदतीचं पत्र लिहिलं म्हणून.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मूळ लेखात ते नीट उतरलंच नाही, आणि तुमच्या रागावण्यामुळे ते मला सापडलं.

एप्रिल 2020. माझी मामी चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ते बेळगावात. तिकडच्यांना जिल्ह्याचं कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि बेळगाव हाकेच्या अंतरावर. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं इकडेच. शिनोळीच्या बाजूनं नेहमी ज्या वाटेनं यायची तिथं एका सकाळी मातीचा ढीग आणि जेसीबीनं मारलेला चर. मुख्य रस्त्यावर नाका. मामा फाईल दाखवतोय, समोरचा कन्नडमधून पास मागतोय. पलीकडच्या राज्यातलं पत्र इकडं चालेना, इकडचं पत्र मिळवायला आधी इकडं यायला हवं. तीन तास रिक्षात बसून ती परत गेली. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला वरून हुकूम होता. केरळच्या कासरगोडचे रुग्ण तलपाडीला असेच मंगळूरच्या वाटेवर अडवले गेले आणि केरळच्या उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, हे तेव्हा आपण वाचलंच. म्हणजे मराठी-कन्नडचा हा वाद नव्हता. घाबरलेलं राज्य पहिल्यांदा दार लावतं, आत कोण आणि बाहेर कोण हे नंतर बघतं.

दुसऱ्या दिवशी काजूच्या बागांतून बैलवाटेनं मामी आली. वाचली, अजून आहे. खरं त्यानंतर त्या गावात काय झालं ते ऐका. कुणी ताप सांगेना. आशाताई दारात आली की घरातला खोकला बंद. ‘सगळं बरं आहे बाई, पुढं जा.’ सांगितलं तर उचलून नेतील, रस्ता बंद करतील, एवढंच लोकांना कळलं होतं.

हेच पुण्यात 1897 मध्ये झालं होतं. गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसले, बायामाणसांना रस्त्यात आणून तपासलं, आणि लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. साथ आवरायला नेमलेला अधिकारी रस्त्यात मारला गेला, टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. रोगावरचा बंदोबस्त हाच राज्यापुढचा बंदोबस्ताचा प्रश्न होऊन बसला. तेव्हाचा साथरोग कायदाच 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, 123 वर्षांचा.

तुमच्या भाषेत सांगायचं तर ही टेहळणीची गोष्ट आहे. पुढच्या चौकीवरचा जवान खरी खबर देईनासा झाला तर मागे कितीही तोफा असून काय उपयोग? साथीत देशाची पुढची चौकी म्हणजे ती आशाताई आणि तिला दार उघडणारी बाई. मी डॉक्टरला सैन्यापेक्षा मोठं म्हटलं नव्हतं. मी म्हणतोय की ही चौकीही त्याच सरहद्दीवर आहे, आणि तिथल्या शिपायाला आपण महिन्याचं मानधनसुद्धा वेळेवर देत नाही.

गावात व्हॅक्सिन डेपो म्हटलं की आपल्याला मैदान आठवतं. प्रदर्शन, क्रिकेट, महामेळावा. इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या अंगावरून काढून मुलुखभर जायची, हे तिथं रोज फेऱ्या मारणाऱ्या किती जणांना माहीत असेल? मलाही चाळिशीपर्यंत नावाचा अर्थ कळला नव्हता. मराठा सेंटर आणि हा डेपो, एकाच गावात दोन्ही होतं.

एक विनंती. आजोबा बसऱ्याहून नेमके कधी परतले? 1918 च्या दिवाळीच्या सुमारास आले असतील तर गावात मानमोडी चालू असणार. घरी आल्यावर त्यांना कोण कोण दिसलं आणि कोण नव्हतं, याबद्दल तुमच्या वडिलांनी कधी काही सांगितलं होतं का? शनिवारी सकाळी सातला मी डेपोवरच असतो, चिंचेखालच्या बाकावर. कागदपत्रं असली तर घेऊन या, नसली तरी या.