"पोरग्याला वाचायला लावतील"

कराडजवळच्या एका गावात आमचं मेडिकल आहे. दुपारी हे जेवायला घरी गेले की काउंटरला मी असते, आणि बायका नेमक्या तेव्हाच येतात. आधी डोकेदुखीची गोळी. मग हळूच, "ती आठवड्याची हाय का?" म्हणजे सहेली, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. परवा एकीनं पट्टी नेली, खोकं माझ्याकडंच ठेवलं. म्हणाली, "सासूबाईस्नी वाचता येत न्हाई, पण पोरग्याला वाचायला लावतील."

कुठलं साधन अंगाला मानवतं हे नंतर. घरात लपतंय काय, हे आधी. तांबी, म्हणजे पिशवीत बसवतात ती कॉपर-टी, दहा वर्षं चालते, पण नवऱ्याला तिचा दोरा टोचतो म्हणून काढून आलेल्या मला माहीत आहेत. (दोरा आखूड करून मिळतो. पण ते सिस्टरला सांगायचं कसं?) सरकारी दवाखान्यातलं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदाच, घरात काही सापडत नाही, पण त्यानं पाळी चुकली की "दिवस गेले काय?" सुरू.

एक दादा महिन्यात तीनदा बहात्तर तासांची गोळी नेतात, संबंधानंतर तेवढ्या वेळात घ्यायची ती. निरोध शेजारीच असतो. म्हटलं, ही अडीनडीची गोळी आहे, रोजची नव्हे. हसले. "तिला चालतंय की." तिला मी कधी बघितलेलं नाही.

२००७ साली आपल्या सातारा जिल्हा परिषदेनं पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार रुपये देऊ केले होते. चांगलंच होतं. फक्त नव्या नवरीनं तो विषय सासरी काढायचा कुणापाशी?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बायकांच्या ऑपरेशनचा आकडा ४९ टक्के, पुरुषांच्या नसबंदीचा अर्धा टक्कासुद्धा नाही. त्या ४९ मधली मी एक. दुसऱ्या बाळंतपणानंतर आमच्यातही बोलणं झालं. बिनटाक्याची नसबंदी, जागेपुरती भूल, त्याच दिवशी घरी. सगळं ह्यांना माहीत, डी. फार्म. झालेत. तरी म्हणाले, "जड उचलावं लागतं गं." दुकानात सगळ्यात जड सलाईनचा खोका, तोही पोऱ्या उचलतो.

ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, नियमच आहे. पण न विचारता गेलेली एकही माझ्या माहितीत नाही. मीही विचारलंच. आणि खरं सांगू, सुटेन म्हणूनच केलं. एकदा विचारलं की झालं, परत दर महिन्याला तोंड वेंगाडायला नको.

नंतर आठवडाभर मला जड उचलायची बंदी होती. तेव्हा घागरी ह्यांनीच भरल्या. काही झालं नाही त्यांना.