कमांड चालू, हेल्प गायब

आमच्या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधली जुनी स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या कमांड) उघडली. त्यातली एक कमांड अजून चालते, आउटपुटही येतं. पण तिचा तो तीन अक्षरी ऑप्शन नेमकं काय करतो ते बघायला हेल्प उघडावी, तर 'सापडलं नाही'! कालबाह्य म्हणून पानच उडवलंय. अरे, कमांड ठेवलीत ना, मग पान का फाडलंत? रिकाम्या राहिलेल्या नोंदी वगळल्या की शून्य धरल्या, एवढंच बघायचं होतं! आता पाच ओळींचा खोटा डेटा बनवून ताळा जमवत बसलोय. 'आर' या आकडेवारीच्या भाषेत मजकुराचे आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांत मोडणारा डेटा) होणं २०२० साली, ४.० आवृत्तीत थांबलं, तरी त्यासाठीचा ऑप्शन तिच्या हेल्पमध्ये आजही आहे. आमच्याकडे मात्र पान म्हणे 'वापरणाऱ्यांचा गोंधळ टाळायला' काढलं. टळला हो, अगदी टळला!