‘घरातलं घरातच मिटवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नाशकातल्या सिडको, सातपूर, गंगापूर रोड, कुठलाही ग्रुप उघडा, हात जोडलेल्या इमोजीसकट तो सापडतो. मजकूर थोडक्यात असा: भावंडांमध्ये लहानपणी ‘असले प्रकार’, म्हणजे एकाने दुसऱ्याशी लैंगिक चाळे करणं, होतातच, त्याचा बाऊ करू नका. मूल आपोआप विसरतं. पोलीस किंवा समुपदेशक गाठलात तर मुलगा तुरुंगात जाईल आणि मुलीला सरकारी संस्थेत टाकतील. त्यापेक्षा मुलाला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी शाळकरी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची भीती मला समजते. आपल्याच पोटच्या एका लेकराने दुसऱ्याला इजा केली, हे ऐकून आईबापाच्या पायाखालची जमीन सरकते. पण मेसेजमधला सल्ला त्या दोन्ही लेकरांना वाऱ्यावर सोडतो.

‘भावंडांत असं होतंच.’ लहान मुलांना शरीराचं कुतूहल असतं, हे खरं. जवळपास एका वयाची चार-पाच वर्षांची पोरं एकमेकांकडे बघतात, खिदळतात, मोठ्यांनी हटकलं की दुसऱ्या खेळाला लागतात. त्यात भीती नसते, जबरदस्ती नसते, गुपित राखण्याची धमकीही नसते. पण वयात किंवा ताकदीत मोठा फरक असेल, लहान भावंड ‘नको’ म्हणत असतानाही ते पुन्हा पुन्हा होत असेल, ‘आईला सांगितलंस तर बघ’ अशी तंबी असेल, किंवा मोबाइलचं, खाऊचं आमिष असेल, तर त्याला खेळ म्हणता येत नाही. ते लैंगिक शोषण आहे, मग करणारा चौदा वर्षांचा असो, सख्खा असो की चुलत. मूल अचानक त्या भावंडाबरोबर घरी थांबायला तयार नसणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, अंघोळीला कडी लावून बसणं, यातल्या एकेका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये. पण त्यांच्याकडे काणाडोळाही करू नये.

‘मुलग्याचं काय बिघडतं’ हेही त्याच मेसेजमध्ये एका ओळीत येऊन जातं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 राज्यांतली 12,447 मुलं होती. त्यांतल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही; अठरा वर्षांखालचं कुणीही त्याच्या संरक्षणात येतं.

‘मूल विसरतं, विषय काढू नका.’ मूल विसरत नाही, गप्प बसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. या बाबतीत आईबापाच्या पहिल्या दोन वाक्यांवर फार काही ठरतं. बहुतेक घरांत पहिलं वाक्य निघतं, ‘खरं बोलतेयस ना?’ आणि दुसरं, ‘इतके दिवस का नाही सांगितलंस?’ दोन्हींतून मुलीला कळतं की चौकशी तिचीच चालू आहे. त्याऐवजी एवढंच म्हणा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता बघायचं काम आमचं.’ खोदून खोदून तपशील विचारू नका. काका, मावशी, आजी जमवून तिला तेच पाचदा सांगायला लावू नका. दादाला समोर उभं करून ‘बोल आता’ असा न्यायनिवाडा तर अजिबात नको.

आता सगळ्यांत जास्त घाबरवणारा मुद्दा: ‘पोलिसांत गेलं की मुलगा तुरुंगात.’ मोठं भावंड अठरा वर्षांखालचं असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी महिला. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं, आणि जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं अपवाद. ठेवायची वेळ आलीच तर निरीक्षणगृहात. नाशकात ते उंटवाडीला आहे. मंडळ समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं, पालकांकडून हमी घेऊन घरी सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य तर कायद्याने गुन्हाच ठरत नाही.

सोळा ते अठरा वयोगटात मात्र गोष्ट थोडी अवघड आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आरोप अतिगंभीर असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तरीही एकविसाव्या वर्षापर्यंत त्या मुलाला तुरुंगात पाठवत नाहीत, ‘सुरक्षित स्थळ’ म्हणतात त्या वेगळ्या संस्थेत ठेवतात. भाऊ अठराच्या पुढचा असेल तर खटला पॉक्सोच्या विशेष न्यायालयात चालतो. तिथे बाल न्याय कायद्याची ढाल नाही.

‘समुपदेशक पोलिसांना कळवतो.’ हे खरं आहे. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. त्यात मी आले, डॉक्टर आले, शाळा आली आणि आईबापही आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. या सक्तीमुळे काही कुटुंबं मदत मागायलाच बिचकतात, हे मी रोज बघते, आणि कायद्याची ही बाजू मला स्वतःला सोपी वाटत नाही. पण त्यावर उपाय म्हणून ‘कुणाकडेच जाऊ नका’ असं सांगणारा मेसेज पालकांनाच त्या कलमाच्या कचाट्यात ढकलतो, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

‘मुलीला उचलून संस्थेत टाकतील.’ एकाच घरात राहणाऱ्या माणसावर आरोप असेल तर पोलीस चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीला, कळवतात. ज्याच्यावर अत्याचार झाला त्या मुलाला घरापासून दूर ठेवायची गरज आहे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना मुलाची इच्छाही विचारात घ्यायची असते. घरात सुरक्षित व्यवस्था होत असेल तर मूल घरीच राहू शकतं. जबाबसुद्धा घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापायला बंदी आहे. समिती एक साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते, जी तपासापासून खटल्यापर्यंत कुटुंबाच्या सोबत राहते. ती मागून घ्या.

‘मुलाला मामाकडे पाठवा’ याबद्दल फार लिहायला नको. मामाच्या घरीही लहान मुलं असतात. दोघांना वेगळं ठेवणं पहिल्या दिवसापासून गरजेचंच आहे. पण जिथे पाठवाल तिथल्या मोठ्यांना कारण सांगा आणि मुलाचे उपचार सुरू करा. ज्या किशोरवयीन मुलाने हे केलं, कधीकधी त्याच्या स्वतःवरच कुणी अत्याचार केलेला असतो, कधी मोबाइलवर नको ते बघण्यात आलेलं असतं. वेळेत मदत मिळाली तर बहुतेक मुलं पुन्हा असं वागत नाहीत. आणि उलटं करू नका, म्हणजे मुलीलाच आजोळी धाडून तिची शाळा तोडू नका. दोन खोल्यांच्या घरात वेगळं ठेवणं सोपं नसतं. तरी मुलीचं अंथरूण आईजवळ, अंघोळीच्या वेळा वेगळ्या, दोघं कधीच एकटी नाहीत, एवढं आजच्या रात्री करता येतं.

‘नाशकात जाणार कुठे?’ 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास, फुकट. घटना ताजी असेल तर आधी दवाखाना. पुरावे साधारण 96 तासांपर्यंत मिळू शकतात, म्हणून मुलीला न्हाऊ घालून कपडे धुऊ नका. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर रांगेत मागची माणसं ऐकत असतात. तिथे कारण मोठ्याने सांगायची गरज नाही. ‘महिला डॉक्टरांशी खासगीत बोलायचंय’ एवढं सांगा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, विश्वासातल्या माणसाच्या समोर करायची असते. प्रथमोपचार आणि उपचार खासगी रुग्णालयानेही मोफत द्यायचे असतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. थेट त्यांनाच भेटायचंय म्हणा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतलं अर्थसाहाय्यही त्यांच्यामार्फतच मिळतं. घटना जुनी आहे म्हणून पॉक्सोखाली तक्रारीचं दार बंद होत नाही.

राहिले आईबाप. ‘तुझ्या लाडाने झालं’, ‘तू घरी कधी असतोस’ हे घरात सुरू होतंच, आणि दोघांनाही झोप लागत नाही. त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. 1098 ला फोन आईने करायचा की बापाने, यावर रात्र घालवू नका. ज्याला आवाज फुटेल त्याने करावा, दुसऱ्याने तेवढा वेळ मुलांजवळ बसावं.