रेग्युलर नसलेल्यांसाठी मोफत सल्ला

मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालात आणि आता एम.ए.ला रेग्युलर कॉलेजात बसायचं म्हणताय? अभिनंदन. पण दिवसा नोकरी, रात्री पुस्तक आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र, एवढा खटाटोप करायला तुम्हाला सांगितलं कुणी? घरच्यांच्या पैशांवर तीन वर्षं कॉलेजच्या कट्ट्यावर काढली असतीत, तर आज कुणी ब्र काढला नसता.

असो. आता निदान कागद तरी नीट लावा. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, मायग्रेशन, गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावी न करता मुक्त विद्यापीठाचा ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम करून थेट पदवीला बसला असाल, तर बारावीची गुणपत्रिकाही मागतील. ती नाही, म्हणून तर पूर्वतयारी केली, हे खिडकीवर समजावत बसू नका. मागे रांग असते.

आणि कृपा करून नियम वाचून जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत २२ व्या क्रमांकाला स्वच्छ लिहिलंय की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष. आयोगानं २०१४ मध्ये पत्र काढून हेच सांगितलं होतं, २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. त्या पत्राची झेरॉक्स काढून मोठ्या उमेदीनं खिडकीत सरकवलीत, की उत्तर मिळेल, “हे दिल्लीचं झालं. आमच्याकडे असं काही आलेलं नाही.” मोबाइलवर आयोगाचं संकेतस्थळ उघडून दाखवलंत, तर “मोबाइलवर काय, काहीही दिसतं.” यापुढे वाद घालणं म्हणजे अर्ज स्वतःच्या हातानं गठ्ठ्याच्या तळाशी घालणं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून स्थापलं, हेही काढू नका. समोरचं विद्यापीठही त्याच विधिमंडळाच्या कायद्यानं चालतं, हे तर मुळीच नको. घरातलं भांडण बाहेर काढल्यासारखं होतं ते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद आहे. गंगेनं घरी यायला कुणाची हरकत नाही, फक्त तिनं कॉलेजच्या फाटकातून आत येऊ नये.

एखादा जाणकार मात्र तुम्हाला गाठेलच. “सुप्रीम कोर्टानं डिस्टन्सच्या डिग्र्या रद्द केल्यात ना?” केल्या, हे खरं. २०१७ चा निकाल आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीनं अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या, त्यांच्यावर ती कुऱ्हाड पडली. तुमचं मराठीचं बी.ए. आणि त्यांचं बी.टेक. यांत फरक काय, असं तो विचारेल तेव्हा हसून मान डोलवा. तुमच्या प्रवेशवर्षी तुमच्या शिक्षणक्रमाला मान्यता होती का, हा खरा कामाचा प्रश्न. त्याचं उत्तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत सापडतं. पण यादी बघायला पाच मिनिटं लागतात आणि शंका घ्यायला एकही लागत नाही. म्हणून तो प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र गुपचूप बघून ठेवा.

मुलाखत असेलच तर एका प्रश्नाची तयारी करा. “कॉलेजला न जाता शिकलात कसं?” याचं उत्तर ‘पुस्तकं वाचून’ असं देऊ नका. समितीतले लोक उगाच दुखावतात. ‘समंत्रक, म्हणजे अभ्यासकेंद्रावर शिकवणारे, फार चांगले होते’ म्हणा. कुणाचं तरी ऐकत बसल्याशिवाय शिक्षण होत नाही, यावर समितीची श्रद्धा असते. तुमच्या शेजारी बसलेल्या रेग्युलर उमेदवाराला हा प्रश्न येणार नाही. त्याची ७५ टक्के हजेरी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरली गेली आणि अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तून झाला. पण नाव हजेरीपटावर होतं ना! तुमचं नव्हतं.

एवढं करून चुकून प्रवेश मिळालाच, तर वर्गात कुठून आलात ते सांगू नका. पहिले दोन महिने तसंही कुणी विचारणार नाही, कारण तासिका तत्त्वावरच्या सरांची नेमणूकच झालेली नसेल. दिवाळीनंतर परीक्षेचं वारं सुटेल आणि मग मागच्या बाकावरून निरोप येईल, “ते मुक्तचे किंवा इग्नूचे पुस्तकसंच कुणाकडे आहेत का रे? नेट परीक्षेच्या तयारीला बेस्ट असतात म्हणे. सरही त्यातूनच शिकवतात.”

खुशाल द्या. झेरॉक्सचे पैसे आधी घ्या, आणि मुखपृष्ठ तेवढं काढून ठेवा. रेग्युलर मुलांच्या हातात तसलं काही दिसलेलं बरं नाही.