आचार्य आणि आचारी

"फाईल तयारच आहे, फक्त ई-बुक करून द्या." असं म्हणत जत्रा समितीचे अध्यक्ष जुन्या स्मरणिकेची सीडी पुढे सरकवतात, तेव्हा संगणकावर पानं जुळवणाऱ्या आम्हा डीटीपीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. गोव्यात पेज म्हणजे उकड्या तांदळाची, सोबत तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं लोणचं. पेजमेकर या जुन्या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिजवलेली पेज मात्र २५ वर्षांनी कुणालाच पचत नाही.

कारण त्या फाईलमध्ये मराठी नाहीच. जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: इथे काना, तिथे अर्धा स, पलीकडे रफार. दशावतारात लुगडं नेसलेला गडीच तो! फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं, तेव्हा देवनागरी खिळे हाताशी नव्हते. मराठी ओव्या उघडउघड रोमन लिपीत छापल्या. आमच्या फायलींनी तेच केलं, पण चोरून.

परीक्षा सोपी आहे. मजकूर निवडा, फॉन्ट एरियल करा. मराठी टिकली तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी पद्धत. देवाला नारळ ठेवा. लॅटिन अक्षरांचं भांडण दिसलं तर चहा मागवा, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागणार. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणता तुकडा, याचं प्रत्येकाचं कोष्टक निराळं, म्हणून फॉन्टचं नेमकं नाव आधी टिपा. शीर्षक एका फॉन्टात आणि मजकूर दुसऱ्यात असेल तर रूपांतर दोनदा. इंग्रजी शब्द आधीच वेगळे काढा, नाहीतर जाहिरातीतला ई-मेल पत्ता बीजमंत्र होऊन बाहेर पडतो.

जुन्या फाईलमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलटं. साध्या अक्षरावर रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ही उडी नीट मारतं, जोडाक्षर आलं की पाय घसरतो आणि 'स्थिती'ची 'सि्थती' होते. 'ओ' तर अ, काना, मात्रा असा तीन तुकड्यांचा निघतो. डोळ्यांना तो ओच, पण शोधात 'ओवी' टाका, हाती शून्य. इथे बदलाचा क्रम चुकवू नका: आधी तीन तुकड्यांचे ओ-औ, मग अ-काना जोडून आ, शेवटी काना-मात्रेचा ओकार. शेवटचं आधी केलंत तर 'अ'लाच ओकार लागतो आणि ओवी पुन्हा बेपत्ता.

खरा घात रफार करतो. रूपांतरात अर्धचंद्री र, म्हणजे 'आचाऱ्यां'मधला ऱ्, बहुतेकदा रफार होऊन येतो. म्हणजे महाप्रसादासाठी पहाटेपासून राबलेल्या आचाऱ्यांचे आभार थेट आचार्यांना पोचतात. त्यावर उत्साही माणूस 'सगळे बदला' हे बटण दाबतो. 'शेतकऱ्यांना' सुधारतं, 'किनाऱ्यावर' नीट दिसतं, पण पर्यटनाचं 'पऱ्यटन' होतं आणि धर्मावरचं प्रवचन आचाऱ्यांच्या नावावर जातं. हे बटण मी तरी कुलूपबंद ठेवीन. 'र्य' शोधा आणि एकेक ठिकाणी माणसाने ठरवा. बदलताना खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य, एवढंच टाका.

आणि सीडी उघडलीच नाही तर? आमच्या पावसाळ्यात ती बुरशी धरते. मग छापील अंक ३०० डीपीआयला स्कॅन करायचा. कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई उमटते; पानाखाली काळा कागद घातला की ती बरीच लपते. ओसीआर हा प्रोग्राम मग चित्रातली अक्षरं ओळखतो, पण घ-ध आणि भ-म त्याला सख्खे भाऊ वाटतात. घुमटाचं 'धुमट' होतं. अनुस्वार डाग समजून पुसले जातात, डाग अनुस्वार म्हणून ठेवले जातात.

तपासणी दोघांनीच करावी, एकाने जुना अंक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडदा पाहावा. सुरुवात संपादकीयापासून करू नका, ते तेव्हाही कुणी वाचलं नव्हतं. देणगीदारांच्या यादीपासून करा. आचार्य एखादे वेळी क्षमा करतील. ज्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, मंडपाचा खर्च उचलला, त्याला 'माटकार' छापलेलं चालत नाही.