‘वायफाय कार्ड’ खिशातल्या खिशात लुटले जाते, या दाव्याची तपासणी

ज्या कार्डावर चार वक्र रेषांचे चिन्ह असते त्याला सर्रास ‘वायफाय कार्ड’ म्हणतात आणि त्याविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. चोर गर्दीत कार्ड मशीन तुमच्या खिशाला नुसते टेकवतो आणि पिनशिवाय कितीही रक्कम काढून घेतो, ते पैसे बँक परत देत नाही, म्हणून कार्ड फॉइलमध्ये गुंडाळा आणि दुकानात टॅप न करता, म्हणजे मशीनला न टेकवता, स्वाइपच करायला द्या, असा त्याचा आशय असतो. यामागची भीती अगदीच निराधार नाही. परंतु त्यातला शेवटचा सल्ला ग्राहकाला अधिक धोक्याच्या जागी नेऊन उभा करतो.

‘कितीही रक्कम’ हे तर सरळसरळ चूक आहे. पिनशिवाय टॅप करण्याची मर्यादा आधी 2,000 रुपये होती. रिझर्व्ह बँकेने ती 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपये केली. त्यापुढच्या रकमेला पिन लागतोच. शिवाय 2020 च्या नियमांनुसार नवे किंवा बदलून आलेले कार्ड हाती पडते तेव्हा त्यावरची टॅपची सोय बंद असते. ती ग्राहकाने स्वतः सुरू करायची असते, आणि बँकेच्या ॲपमधून हवी तेव्हा बंद करता येते किंवा तिची मर्यादा खाली आणता येते.

आता मशीन टेकवण्याविषयी. कार्ड वाचले जाण्यासाठी ते मशीनपासून जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावर असावे लागते, रक्कम आधी टाकावी लागते, आणि थोड्या वेळात कार्ड मिळाले नाही तर तो व्यवहार रद्द होतो. पाकिटात अशी दोन कार्डे एकमेकांना चिकटून असली तर मशीन बहुधा एकही व्यवहार करत नाही. हे सगळे जमवले तरी चोराच्या हातात रोकड पडत नाही. मशीन ज्या व्यापाऱ्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात, साधारणपणे दुसऱ्या दिवशी, पैसे जमा होतात आणि ते खाते कागदपत्रे तपासून दिलेले असते. बनावट किंवा दुसऱ्याच्या नावावरची खाती वापरणारे आहेत, हे मान्य. पण एकाच मशीनविरुद्ध तक्रारी येऊ लागल्या की ते बंद पडायला वेळ लागत नाही. चोरीचा इतका गैरसोयीचा मार्ग धरणारा चोर विरळाच.

याच दाव्याचे एक अधिक विचार करण्याजोगे रूप आहे: कार्डाजवळ फोन नेऊन त्यावरची माहिती वाचता येते. हे खरे आहे. कार्डाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख अशा रीतीने मिळू शकते. मात्र कार्डावर छापलेला सीव्हीव्ही हा सुरक्षा क्रमांक मिळत नाही आणि प्रत्येक टॅपसाठी तयार होणारा संकेत पुन्हा वापरता येत नाही. भारतीय संकेतस्थळांवर पुढे ओटीपीसारखी दुसरी पडताळणी असते, पण परदेशी संकेतस्थळांवर ती असेलच असे नाही. त्यामुळे गरज नसताना आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवणे हाच येथे खरा उपाय आहे, आणि नेमका त्याचाच त्या संदेशात उल्लेख नसतो. फॉइलने काही बिघडत नाही. त्यासाठी महागडे पाकीट घेण्याचे मात्र कारण नाही.

‘स्वाइपच करा’ हा सल्ला सर्वांत घातक आहे. टॅप करताना कार्ड आपल्या हातातून सुटत नाही. याउलट स्वाइप करताना वाचली जाणारी चुंबकीय पट्टीवरची माहिती दरवेळी तीच असल्याने छोट्याशा उपकरणाने तिची नक्कल करता येते, आणि पिनही पाहून ठेवला असेल तर दुसरे कार्ड तयार करून पैसे काढता येतात. चिप नसलेली कार्डे 2018 अखेरपर्यंत बदलून देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, ते याच कारणाने. हॉटेलात बिलाच्या ताटलीत ठेवलेले कार्ड आत जाते तेव्हा क्रमांक, तारीख आणि सीव्हीव्ही या तिन्ही गोष्टी कोणालाही टिपून घेता येतात. पेट्रोल पंपावर गाडीत बसल्या बसल्या मोठ्याने पिन सांगणारे लोक पाहिले की खिशाला टेकणाऱ्या मशीनची एवढी चर्चा का होते, हेच कळेनासे होते.

टॅपमध्ये धोका आहे, पण तो वेगळा आहे. हरवलेले कार्ड ज्याच्या हाती लागेल तो, आपण ते ब्लॉक करेपर्यंत, लहान रकमांची खरेदी करू शकतो. म्हणून मर्यादा हजार-दोन हजारांवर आणून ठेवावी, आणि टॅप करण्यापूर्वी मशीनच्या पडद्यावरचा आकडा वाचावा.

राहिला ‘बँक पैसे देत नाही’ हा दावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेकडून संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर कोणताही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तो ठरावीक मर्यादेपर्यंतच पडतो. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच टाकलेले आहे. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. तेव्हा अनोळखी व्यवहाराचा संदेश येताच आधी कार्ड ब्लॉक करावे, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवावी.