डेटाबेसला घातलेलं गाऱ्हाणं

हापूसचा सीझन तोंडावर आलाय आणि देवगडातल्या आपल्या कलमांसाठी तुम्ही पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइट करायला घेतलीय. उत्तम. आता डेटाबेसशी, म्हणजे ऑर्डरी साठवणाऱ्या कोठाराशी, कसं बोलायचं, ते आमच्याकडून शिका.

देवळातलं गाऱ्हाणं आठवा. पुढचा बोलेल त्यावर मागचे एका सुरात म्हणणार, 'होय म्हाराजा!' डेटाबेसही तसाच. हे मानकरी बोलला की मधेच दुसऱ्या कुणी घुसवलं, याची तो चौकशी करत नाही. तेव्हा गाऱ्हाणं, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम (क्वेरी), अर्धं तुम्ही लिहा आणि गिऱ्हाइकानं फॉर्मात टाकलेलं जसंच्या तसं त्यात चिकटवा. टिंब देऊन तुकडे जोडायची सोय पीएचपीनं काय शोभेला दिलीय?

मग गंमत बघा. ऑर्डर नंबरच्या रकान्यात कुणी लिहितो, '५ ऑर १=१'. म्हणजे पाचवी ऑर्डर दाखव, नाहीतर एक बरोबर एक असेल तर सगळ्याच दाखव. एक बरोबर एक असतंच. समस्त चाकरमान्यांचे पत्ते, फोन नंबर तुमच्या पडवीत हजर. होय म्हाराजा! तोच मजकूर ऑर्डर रद्द करायच्या हुकमात शिरला, तर यंदा पेट्या भरायचा त्रासही वाचला.

कुणी शहाणा सांगेल, अवतरणचिन्हाआधी तिरकी रेघ घाल, म्हणजे डेटाबेस त्याला साधं अक्षर समजेल. घाला की. वरच्या मजकुरात अवतरणचिन्ह लागलंच नव्हतं, हे त्याला सांगू नका, हिरमोड होईल. असल्या रेघा आपोआप घालणारा मॅजिक कोट्सचा ताईत पीएचपीनं २०१२ साली, ५.४ या आवृत्तीत, काढून टाकला. तुम्ही गळ्यात ठेवा.

वेंगुर्ल्याच्या डिसोझाबाई इंग्रजीत नाव लिहिताना 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. तिथंच क्वेरी मोडते आणि तिच्या तुकड्यासकट एरर स्क्रीनवर झळकते. बाईंना सांगा, पेटी हवी तर आडनाव बदला.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या नादी मात्र लागू नका. पीडीओत, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, ती २००५ पासून, ५.१ या आवृत्तीबरोबर, आयती मिळतात, पण त्यात मजा नाही. गाऱ्हाणं आधी ठरतं, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. मग तिथं कुणी अख्खं रामायण लिहिलं तरी डेटाबेस त्याला नावच समजतो, हुकूम नाही. डिसोझाबाईंची पेटीसुद्धा बिनबोभाट रवाना होते. शिवाय दोन ओळी जास्त लिहायच्या! यादी कुठल्या कॉलमाप्रमाणे लावायची, ते नाव प्रश्नचिन्हात बसत नाही. चालणाऱ्या नावांची यादी करून तिच्याशी ताडून बघा म्हणतात. गिऱ्हाईक देव असतो, आणि देवाला कोण ताडून बघतं?

डेटाबेसची जोडणी रूटनंच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानंच, करा, पासवर्ड रिकामा. ऑर्डरी दाखवायला नुसती वाचायची परवानगी पुरते, पण मागचं दार उघडं नसेल तर कोकणातलं घर घरासारखं वाटत नाही.

चला, नारळ घ्या. बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या फॉर्मात जा काय टाकीत, ता बघल्याशिवाय चालवून घे रे म्हाराजा...

होय म्हाराजा!